वनस्पतीच्या अर्काची वेदनाशामक चाचणी प्राण्यांवर करायची आहे? परवानगीचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

निर्गुंडीच्या पानांचा अर्क देऊन उंदरांचं दुखणं कमी होतं का, अशा धर्तीचा विषय एम.फार्म.च्या प्रबंधासाठी कुणी ना कुणी घेतंच. अर्क काढणं सोपं असतं, हॉट प्लेट, म्हणजे उष्णता सहन न होऊन प्राणी पंजा कधी उचलतो ते मोजायची तापती पट्टी, कॉलेजात असते. गाडी अडते ती परवानगीपाशी. मधुमेहाच्या किंवा यकृताच्या अभ्यासापेक्षा वेदनेचा अर्ज जास्त बारकाईने वाचला जातो, कारण इथे प्राण्याला दुखवणं हाच प्रयोगाचा भाग असतो. ते दुखवणं किती, किती वेळ आणि कशासाठी, हे अर्जात नेमकं सांगता आलं पाहिजे. बाकी सगळं त्यामानाने कारकुनी काम आहे.

कायदा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० हा. त्याखाली १९९८ चे प्रयोगविषयक नियम आहेत आणि त्यांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती म्हणजे सीसीएसईए. जुने लोक तिला अजून सीपीसीएसईए म्हणतात; समिती तीच, नाव बदललं.

अर्ज कोण करू शकतो

पहिली अट व्यक्तीची नाही, संस्थेची आहे. कॉलेजचं प्राणिगृह सीसीएसईएकडे नोंदणीकृत हवं आणि कॉलेजात संस्थात्मक प्राणी नीतिशास्त्र समिती, म्हणजे आयएईसी, असायला हवी. नोंदणीचा अर्ज फॉर्म ए मध्ये असतो, तो संस्था करते. तुमच्या कॉलेजची नोंदणी नसेल तर नोंदणीकृत संस्थेत, तिथल्या आयएईसीची मान्यता घेऊनच काम करावं लागतं.

विद्यार्थ्याच्या बाबतीत मुख्य संशोधक म्हणून गाईडचं नाव जातं. प्राणी हाताळणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पात्रता आणि अनुभव अर्जात लिहायचा. मदतीला येणाऱ्या मित्राचं नाव यादीत नसेल तर त्याने पिंजऱ्याला हातही लावायचा नाही. केवळ हात बसावा म्हणून, सरावासाठी प्रयोग करायला कायद्याचाच विरोध आहे. तसा हेतू अर्जात दिसला तर पुढचं कुणी वाचत नाही.

माइस, रॅट, गिनीपिग, ससे या लहान प्राण्यांच्या प्रयोगाला आयएईसी स्वतः मान्यता देते. कुत्रा, माकड असे मोठे प्राणी असतील तर प्रस्ताव आयएईसीच्या शिफारशीने केंद्रीय समितीकडे जातो. वेदनाशामक चाचणीला त्यांची गरज सहसा नसते, आणि लहान प्राण्यावर काम भागत असेल तर मोठा वापरू नये असं कायदाच सांगतो.

सोबत काय जोडायचं

मुख्य अर्ज म्हणजे फॉर्म बी. त्याला संशोधनाचा आराखडा, आधी झालेल्या कामाचा आढावा आणि संशोधकाचं प्रतिज्ञापत्र जोडतात. मान्यता मिळण्यापूर्वी काम सुरू करणार नाही आणि हा अभ्यास विनाकारण केलेली पुनरावृत्ती नाही, असं त्यात सही करून द्यावं लागतं. एकाच वनस्पतीच्या एकाच अर्कावर आधी तेच काम झालं असेल तर ही सही अडचणीत आणते, म्हणून आढावा मनापासून करा.

वनस्पतीची ओळख पटवणारं प्रमाणपत्र हवंच. पुण्यात आघारकर संशोधन संस्था किंवा भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह) ही ओळखीची ठिकाणं. नमुना फुलाफळांसकट न्यावा; नुसती वाळलेली पानं नेली तर ओळख पटवणं कठीण जातं. हर्बेरियममधला नमुना क्रमांक अर्जात लिहा. बाजारातून आणलेल्या चूर्णावर समिती समाधानी होत नाही, आणि ते योग्यच आहे.

प्राणी नोंदणीकृत पुरवठादाराकडूनच घ्यायचे. तुलनेसाठी मॉर्फीन किंवा ट्रामाडॉल वापरणार असाल तर ती अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतात. संस्थेकडे रीतसर परवाना आणि साठ्याची नोंद आहे का ते आधी विचारा. डायक्लोफिनॅकला हा व्याप नाही, पण हॉट प्लेटवर त्याचा प्रभाव फारसा दिसत नाही. औषध चाचणीला साजेसं निवडा, सोयीला नाही.

फॉर्म बी: इथे वेळ द्या

प्राण्यांची संख्या. ‘प्रत्येक गटात सहा’ ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली ओळ आता पुरत नाही. सहाच का, हे विचारलं जातं. आधीच्या अभ्यासातून फरकाचा अंदाज येत असेल तर पॉवर ॲनालिसिस, म्हणजे किती प्राणी पुरतील याचा संख्याशास्त्रीय हिशेब, करा. येत नसेल तर एक साधं सूत्र आहे: एकूण प्राण्यांतून गटांची संख्या वजा करा, उत्तर १० ते २० मध्ये यावं. नियंत्रण गट, प्रमाणित औषधाचा गट आणि अर्काच्या तीन मात्रा असे पाच गट धरले, तर सहाच्या हिशेबाने ३० वजा ५, म्हणजे २५. पाचच्या हिशेबाने २५ वजा ५, म्हणजे २०. प्रत्येक गटातला एक प्राणी इथेच वाचतो.

विषारीपणाच्या चाचणीला लागणारे प्राणी बरेच जण मोजायला विसरतात. ओईसीडीच्या ४२३ किंवा ४२५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेनुसार किलोमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत अर्क सुरक्षित दिसला, तर त्याचा विसावा, दहावा आणि पाचवा भाग म्हणजे १००, २०० आणि ४०० मिलिग्रॅम अशा मात्रा घेण्याची पद्धत आहे. त्याच अर्काची अशी माहिती आधीच प्रसिद्ध असेल तर ती दाखवा आणि ही चाचणी टाळा.

आता कळीचा रकाना: वेदनादायक कृतीत भूल किंवा वेदनाशामक न देण्याचं कारण. ‘प्रयोगात व्यत्यय येईल’ एवढं लिहून भागत नाही. वेदनेची प्रतिक्रिया हेच मोजमाप असल्यामुळे भूल देता येत नाही, हे मांडा आणि लगेच मर्यादा सांगा. हॉट प्लेट ५५ अंश सेल्सिअसला ठेवणार असाल तर प्राण्याने प्रतिसाद दिला नाही तरी १५ सेकंदांनी उचलणार, हे लिहा. नाहीतर पंजा भाजतो. टेल फ्लिकला, म्हणजे शेपटीला उष्णता देऊन प्राणी ती कधी झटकतो ते पाहताना, १० सेकंद. ॲसेटिक ॲसिडच्या रायदिंग चाचणीत पोटात कळ येऊन उंदीर अंग ताणतो. निरीक्षण किती मिनिटांचं आणि ते संपताच प्राण्याचं काय करणार, हे स्पष्ट करा. पंजात फॉर्मेलिन टोचून करायच्या फॉर्मेलिन चाचणीत पहिली पाच मिनिटं आणि साधारण १५ ते ३० मिनिटं असे दोन टप्पे असतात. मज्जासंस्थेवर थेट काम करणारं औषध दोन्ही टप्प्यांवर दिसतं, सूज कमी करणारं मुख्यतः दुसऱ्यावर. हे तुमच्या प्रश्नाशी जोडून दाखवलं की ही चाचणी का निवडली, याचं उत्तर आपोआप मिळतं.

रायदिंगचा एक दोष समितीतल्या फार्माकॉलॉजीच्या माणसाला पक्का ठाऊक असतो: गुंगी आणणारा किंवा स्नायू सैल करणारा अर्कही अंग ताणणं कमी करतो. म्हणून रोटारॉडची चाचणी, म्हणजे फिरत्या दांड्यावर प्राणी तोल सांभाळतो का ते पाहणं, आराखड्यात असू द्या. ती नसेल तर बैठकीत पहिला प्रश्न तोच येईल.

शेवटी दयामरणाची, म्हणजे प्रयोगानंतर प्राण्याला वेदना न देता मारण्याची पद्धत आणि मृतदेहांची विल्हेवाट. जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे प्राण्यांचे अवशेष पिवळ्या पिशवीत जातात.

बैठक आणि पुढे

आयएईसीत आठ सदस्य असतात: पाच संस्थेचे आणि तीन केंद्रीय समितीने नेमलेले. नेमलेल्यांत एक बाहेरचा वैज्ञानिक आणि एक विज्ञानाबाहेरचा, समाजाचं भान असलेला सदस्य असतो. ‘उंदराला किती दुखेल?’ हा प्रश्न त्याच्याकडून येतो. तेव्हा तांत्रिक शब्दांमागे लपू नका, साध्या मराठीत सांगा.

मान्यता मिळाली की तिचा क्रमांक प्रबंधात आणि शोधनिबंधात लिहायचा. प्राणी आल्यावर किमान आठवडाभर वेगळे ठेवायचे, वापराची नोंद फॉर्म डी मध्ये ठेवायची. मात्रा, चाचणी किंवा प्राण्यांची संख्या बदलायची झाली तर आधी दुरुस्तीचा अर्ज, मग प्रयोग. अर्कावर पेटंट घ्यायचा विचार असेल, तर जैवविविधता कायदा, २००२ खाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया वेगळी करावी लागते. आयएईसीची मान्यता तिथे चालत नाही.