नाव आठवत नाही, की चेहराच ओळखू येत नाही?

आमच्या घरात दोन माणसं ‘विसराळू’ म्हणून प्रसिद्ध. एक माझे वडील, दुसरी माझी मावशी. दोघांना एकच शिक्का बसला आणि मावशीवर त्यातून फार अन्याय झाला, म्हणून हे लिहायला घेतलं.

वडिलांसारखं माणूस तुमच्याही घरात असेल. मंगल कार्यालयाच्या दारात कुणीतरी हात जोडून समोर येतं. वडील मनापासून बोलतात, मुलाच्या नोकरीचं विचारतात, म्हातारीच्या गुडघ्यांचं विचारतात. तो माणूस पुढं गेला की आईच्या कानाशी लागतात, “अगं, ह्याचं नाव काय? बाळीवेशीत राहायचे बघ, घरात चार माग होते, थोरला भाऊ रेल्वेत.” सगळं आठवतं, नाव तेवढं येत नाही.

मावशीचं दुखणं कळलं ते आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत. काका दरवर्षी बाराबंदी घालून नंदीध्वजांच्या मिरवणुकीत असायचे. अक्षता सोहळ्याच्या गर्दीत ते तिच्यापासून चार हातांवर उभे होते आणि ती त्यांनाच शोधत होती. एरवी ती त्यांना ओळखायची ती तपकिरी स्वेटरवरून आणि डोक्यावरच्या टोपीवरून. त्या दिवशी आजूबाजूची शेकडो माणसं त्याच पांढऱ्या पोशाखात. काकांनी “अगं, इकडं!” म्हणून हाक मारली आणि त्या एका आवाजानं तिला नवरा सापडला.

हा विसराळूपणा नव्हे. चेहरा ओळखता न येण्याच्या या अवस्थेला प्रोसोपॅग्नोसिया, म्हणजे चेहरा-अंधत्व, म्हणतात. प्रोसोपॅग्नोसिया हे नाव 1947 साली योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी दिलं. युद्धात डोक्याला मार बसलेले सैनिक त्यांच्यासमोर होते. त्यातल्या एका तरुणाला घरच्यांचे चेहरे ओळखू येईनात, आरशातला स्वतःचाही ओळखू येईना. नजर धड, बुद्धी धड, माणसं आवाजावरून बिनचूक ओळखू येत, पण चेहरा पाहून काही उमटत नसे. पुढं लक्षात आलं की कसलीही इजा न होता जन्मापासून असं असणारी माणसंही आहेत, आणि ती फार दुर्मीळ नाहीत. बहुतेक अंदाज शंभरात दोन-तीनच्या आसपास जातात. मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स स्वतः असेच होते. आरशातल्या स्वतःच्याच दाढीवाल्या प्रतिमेला आपला धक्का लागेल असं वाटून त्यांनी तिची माफी मागितल्याचं त्यांनीच सांगितलं आहे.

आता दोघांची गल्लत का होते ते बघू. आपल्या भाषेत ‘ओळख’ हा एकच शब्द किती कामं करतो! चेहरा ओळखणं, ओळख असणं, ओळख पटणं, ओळख दाखवणं. डोक्यात मात्र ही कामं वेगवेगळी आणि एकामागून एक होतात. 1986 साली विकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी त्याचा जो आराखडा मांडला, तो आजही पायाभूत मानला जातो. आधी ‘हा चेहरा पाहिलेला आहे’ हे कळतं. मग ‘हा कोण’ हे उघडतं, म्हणजे कुठला, काय करतो, आपला त्याचा संबंध काय. नाव येतं सगळ्यात शेवटी. वडिलांची गाडी शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे अडकते. मावशीची पहिल्या स्टेशनातूनच सुटत नाही.

हा क्रम कागदावरचा नाही. यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1985 साली 22 जणांना रोजच्या आयुष्यातल्या अशा चुकांची डायरी ठेवायला सांगितली. माणूस कोण ते माहीत आहे पण नाव येत नाही, अशा नोंदी भरपूर निघाल्या. नाव आलं पण माणूस कोण ते कळेना, अशी एकही नोंद निघाली नाही.

नावच का अडतं? कारण नावाला दुसरं काहीच चिकटलेलं नसतं. इंग्रजीत बेकर, पॉटर असे शब्द आडनावही असतात आणि धंद्याचं नावही. तोच शब्द धंदा म्हणून सांगितला तर लोकांच्या लक्षात राहतो, आडनाव म्हणून सांगितला तर निसटतो, असं प्रयोगात दिसलं. आपल्याकडे लावून बघा. ‘हे कुंभारकाम करतात’ म्हटलं की चाक, माती, आवा, संक्रांतीची सुगडी असं सगळं डोळ्यांपुढं येतं. ‘हे श्रीयुत कुंभार’ म्हटलं की फक्त तीन अक्षरं हातात राहतात. वय वाढेल तसं नाव ओठांवर येऊन अडणं वाढतं, आणि तेवढ्यावरून घाबरण्याचं कारण नसतं.

मावशीचा बिघाड निराळ्या जागी आहे. आपण चेहरा नाक, डोळे, ओठ असा सुटा वाचत नाही, एका नजरेत अख्खा घेतो. म्हणून फोटो उलटा धरला की ओळखीचा चेहराही अवघड होतो. इतर वस्तूंच्या मानानं चेहऱ्यांना उलटेपणाचा हा फटका फार जास्त बसतो, हे रॉबर्ट यिन यांनी 1969 मध्येच दाखवलं. मेंदूच्या खालच्या बाजूला, विशेषतः उजवीकडे, चेहरा पाहताच खास जागा होणारा एक भागही आहे. नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये त्याकडे लक्ष वेधलं. मावशीला प्रत्येक तुकडा स्वच्छ दिसतो. समोरचा हसतोय की रडवेला झालाय, म्हातारा आहे की तरणा, हे तिला लगेच कळतं. त्या तुकड्यांतून ‘अमका’ मात्र तयार होत नाही. म्हणून ती खुणा पाठ करते : हनुवटीवरचा तीळ, दातांमधली फट, चालण्याची ढब, इरकलीचा नेहमीचा रंग. शाळेत शिकवायची तेव्हा मुलं बाकांवरून ओळखायची. कुणी जागा बदलली की संपलं.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा अनुभव आहे, तो आपल्या सगळ्यांचा. लक्ष्मी मंडईतला रोजचा भाजीवाला सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या डब्यात समोर बसतो आणि ‘ह्याला कुठंतरी पाहिलंय’ यापुढं गाडी सरकत नाही. जॉर्ज मँडलर यांनी 1980 मध्ये हाच अनुभव बसमध्ये भेटलेल्या खाटकाचं उदाहरण देऊन मांडला. इथं चेहरा ओळखीचा वाटतो, माणूस उघडत नाही. याला चेहरा-अंधत्व म्हणू नका. मावशीला ‘पाहिलंय’ असंसुद्धा वाटत नाही.

निदान डॉक्टरच करतील, पण घरच्या घरी फरक जाणवण्याची एक खूण मला फार उपयोगी वाटते. वडिलांना पहिलं अक्षर सांगा, नाव बाहेर येतं, कारण बाकीचं सगळं आधीच हजर असतं. मावशीला नाव सांगा, किंवा समोरच्याला फक्त दोन शब्द बोलू द्या. लगेच सगळं बाहेर येतं : कुणाची सून, कुठल्या आजारातून उठली, गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला कुणाबरोबर आली होती. तिच्या आठवणीत काहीही कमी नाही.

जन्मापासूनच्या या स्थितीवर खात्रीचा उपाय नाही. पण आजवर चेहरे नीट ओळखणाऱ्या माणसाला एकाएकी ओळखू येईनासे झाले, तर ती गोष्ट वेगळी. मेंदूच्या मागच्या भागातल्या पक्षाघातानं असं होऊ शकतं. तेव्हा उद्यापर्यंत थांबू नये, थेट दवाखाना गाठावा.

आणि तो अन्याय? नव्या पेठेत साडी घेताना मावशीची सख्खी नणंद समोरून आली, हसली, आणि मावशी तिच्या शेजारून निघून गेली. “वळखला न्हाई व्हय?” एवढं जरी नणंदेनं विचारलं असतं तरी आवाजावरून सारं निभावलं असतं. तिनं विचारलं नाही. ओळख दाखवली नाही, माज आला, अशी बोलणी घरोघर फिरली आणि दोन वर्षं येणं-जाणं बंद राहिलं. वडील नाव विसरतात तेव्हा लोक हसून सोडून देतात, कारण चेहऱ्यावरचं हसू आणि चौकशी जागेवर असते. मावशीकडून नेमकं तेच हुकतं, आणि ते समोरच्याला लागतं.

मावशीला या अवस्थेचं नाव कळलं तेव्हा ती साठीला आली होती. त्यानंतर तिनं स्वतःच नणंदेला फोन केला. आता नणंदबाई जिन्यातूनच “वहिनी, मी आले ओ” म्हणत वर येतात, आणि मावशी दार उघडायच्या आधी चहाचं आधण ठेवते.