लॉगिनला संशय कधी यावा?

लॉगिनची कोणतीही यंत्रणा दोन प्रकारे चुकते: चोराला आत सोडते किंवा खऱ्या खातेदाराला दारातच अडवते. पडताळणी कडक केली की पहिली चूक घटते आणि दुसरी वाढते, सैल केली की नेमके उलटे होते. दोन्ही चुका एकदम कमी करायच्या तर यंत्रणेला अधिक माहिती लागते, आणि ती खातेदाराला पुन्हापुन्हा न विचारता मिळवण्याच्या खटपटीतून परिस्थिती पाहून कडक किंवा सैल होणारे लॉगिन पुढे आले.

अशी यंत्रणा पासवर्ड बरोबर आला तरी तेवढ्यावर थांबत नाही. फोन नेहमीचाच आहे का, ब्राउझरमध्ये मागच्या वेळी ठेवलेली खूण सापडते का, इंटरनेटचा पत्ता कोणत्या भागातला आहे, वेळ रोजची आहे की अवेळ, हे सारे पाहून ती जोखमीचा एक अंक काढते. अंक कमी असेल तर सरळ प्रवेश मिळतो, मध्यम असेल तर ओटीपी किंवा बोटाचा ठसा मागितला जातो आणि फारच जास्त असेल तर प्रवेश थांबतो. प्रत्येक खुणेचे वजन मात्र सारखे नसते. लाखो लोकांकडे असलेल्या मॉडेलचा फोन जुळला, तर त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. त्याच फोनमध्ये या खात्यासाठी साठवलेली गुप्त किल्ली (म्हणजे एक लांबलचक सांकेतिक अंक) सापडली, तर बरेच काही सिद्ध होते.

येथे आकड्यांची एक गोम आहे. समजा, एका दिवसात १ लाख लॉगिन झाले आणि त्यांत चोर केवळ १० होते. यंत्रणा दहांपैकी ९ चोर ओळखते आणि प्रामाणिक माणसांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून संशय घेते, असे धरले तरी अडवलेल्यांत ९ चोर आणि सुमारे १,००० निरपराध असतील. म्हणूनच संशय आला की खाते बंद करणे हा शहाणपणाचा मार्ग नव्हे. संशयाचे उत्तर आणखी एक सोपी, झटपट पूर्ण होणारी पायरी हे असले पाहिजे.

हे एक हजार निरपराध कोण असतात, हा प्रश्न विदर्भातल्या खेड्यांतून पाहिला तर अधिक टोचतो. मोबाइल कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात आणि तो पत्ता कंपनीचे जाळे जिथे इंटरनेटला मिळते तिथला दिसू शकतो. त्यामुळे मेळघाटात धारणीजवळ बसलेला माणूस यंत्रणेला कधी नागपुरात, तर कधी मुंबईत असल्यासारखा वाटतो. घरातला एकच स्मार्टफोन मुलगा, वडील आणि काकू असे तिघे वापरतात. जुलैअखेर पीकविम्याची मुदत जवळ आली की सेतू केंद्रातल्या एकाच संगणकावरून दिवसभरात डझनावारी शेतकऱ्यांची कामे उरकली जातात, आणि चोरलेल्या पासवर्डांची यादी एकामागून एक तपासून पाहणारा भामटाही यंत्रणेला हुबेहूब असाच दिसतो. एक माणूस, एक फोन, एक ठिकाण हे गृहीतक धरून शिकवलेली यंत्रणा येथे प्रामाणिक माणसांवरच जास्त संशय घेणार, यात नवल नाही.

ठशाचेही तसेच आहे. कापूस वेचताना वाळलेल्या बोंडाची टणक टोके बोटांना ओरखडे पाडतात, वर्षानुवर्षांच्या कष्टाने कातडी घासली जाते आणि मग ऐन हंगामात मजुराचा अंगठा यंत्रावर जुळत नाही. जुळणीची अट सैल केली तर दुसऱ्याचा अंगठाही खपून जाण्याची भीती असते, म्हणून डोळ्याचे बुबुळ, चेहरा किंवा ओटीपी असे पर्याय आधारच्या पडताळणीत ठेवलेले आहेत. पर्याय असणे आणि केंद्रावर तो प्रत्यक्ष उपलब्ध असणे यांत मात्र अंतर राहते.

जास्त वेळा विचारले म्हणजे जास्त सुरक्षा, हेही खरे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीत शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या फोनवर लॉगिनला मंजुरी मागणाऱ्या विनंत्या इतक्या वेळा पाठवल्या की शेवटी त्याने एक मान्य करून टाकली. सारखा विचारला जाणारा प्रश्न माणूस न वाचताच उत्तरतो.

माझ्या मते पडताळणीचा भार दारावर कमी आणि कृतीवर जास्त असावा. अर्जाची सद्यःस्थिती पाहणाऱ्याला ओटीपीसाठी ताटकळत ठेवण्यात फायदा थोडा आहे. पण अनुदान जमा होणारा बँक खाते क्रमांक किंवा नोंदणीकृत मोबाइल बदलायचा असेल, तर दोनदा विचारलेच पाहिजे. पैशाच्या व्यवहारांत हा विचार रुजला आहे. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचे संपर्कविरहित कार्ड व्यवहार पिनशिवाय करू देण्याची मुभा दिली, आणि २०२५ च्या तिच्या निर्देशांत किमान दोन घटकांच्या पडताळणीवर जोखीम पाहून जादा तपासणी करण्यासही वाव ठेवला आहे.

वाढीव पायरी कोणती, हेही ठिकाण पाहूनच ठरायला हवे. एसएमएसने येणाऱ्या ओटीपीला टॉवर लागतो, आणि रेंज नसलेल्या गावात तो मुदत संपल्यावर येतो. याउलट फोनमधल्या अॅपने तयार केलेला सहा आकडी अंक हा आधीच साठवलेली गुप्त किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून निघतो, साधारणपणे दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनला रेंज नसली तरी चालतो. फोनचे घड्याळ तेवढे बरोबर असावे लागते.

यानंतरही एक मागचे दार उरते, ते म्हणजे ‘पासवर्ड विसरलात?’ हे बटण. रिचार्जअभावी बंद पडलेला मोबाइल क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, आणि जुन्या खात्याशी तो जोडलेलाच राहिला असेल तर पासवर्ड बदलण्याचा ओटीपी थेट त्या अनोळखी माणसाच्या हाती पडतो. म्हणून खाते परत मिळवताना केवळ क्रमांकावर विसंबू नये, सर्व जुन्या संपर्कांवर सूचना जावी आणि पैसे काढण्याची मुभा एकदोन दिवस थांबवून मगच द्यावी. त्या दोन दिवसांची गैरसोय खातेदार सहसा सोसतो, कारण ती रोजची नसते.