कॅम्पर बसवलेल्या पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर कसे निवडावेत

हायलक्स, व्ही-क्रॉस किंवा तशाच एखाद्या पिकअपच्या हौद्यावर झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेले केबिन चढवले की मागच्या दोन चाकांवरचा भार एकदम वाढतो आणि तो कायम राहतो. वाशीच्या मार्केटमध्ये भाजी घेऊन आलेला पिकअप माल उतरवून रिकामा परततो. कॅम्परची गाडी कधीच रिकामी होत नाही. घाटात, खड्ड्यात, पार्किंगमध्ये तिचे टायर सतत ओझ्याखाली असतात. तरीही आमच्या दुकानात टायर घ्यायला येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न नक्षीचा विचारतात. आमचा क्रम वेगळा आहे: आधी वजन, मग टायरची बांधणी, मग माप, आणि नक्षी सर्वांत शेवटी.

आधी काट्यावर जा

कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये आणि तळोजा एमआयडीसीत वजनकाटे आहेत. प्रवासाला निघताना गाडी जशी असते तशीच न्या: डिझेलची आणि पाण्याची टाकी भरलेली, सिलिंडर, सामान आणि माणसे आत बसलेली. तीन वजने घ्या. पहिले पूर्ण गाडीचे. दुसऱ्या वेळी फक्त पुढची चाके काट्यावर, तिसऱ्या वेळी फक्त मागची. काटेवाल्याला विनंती करून शक्य असेल तर मागच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे वजनही वेगवेगळे घ्या. पाण्याची टाकी आणि फ्रिज एकाच बाजूला असले की दोन चाकांत शंभर किलोंचा फरक सहज निघतो.

घरी बसून केलेला अंदाज नेहमी कमी भरतो. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो. घरगुती १४.२ किलोचा गॅस सिलिंडर लोखंडासह ३० किलोच्या आसपास जातो. इन्व्हर्टरची १५० एएच ट्यूबलर बॅटरी ५० किलोंहून जड असते. तेवढ्याच कामाची लिथियम बॅटरी बरीच हलकी. टपावरचा तंबू ५० ते ७० किलोंचा, आणि तो उंचावर असल्यामुळे गाडी जास्त डोलते.

आता आरसीवरचे एकूण वजन आणि गाडीच्या प्लेटवर दिलेली अ‍ॅक्सलची मर्यादा पाहा. काट्याचा आकडा त्याच्या वर गेला असेल तर टायर बदलून उपयोग नाही. आधी सामान कमी करा. कितीही मजबूत टायर घातला किंवा मागे एक पाटा वाढवला, तरी आरसीवरची मर्यादा वाढत नाही. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि चासी तेच राहतात. शिवाय केबिन कायमचे बोल्टने बसवून गाडीचे मूळ स्वरूप बदलत असाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ लागू होते. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या.

टायरवरचा आकडा आणि बांधणी

मापाच्या पुढे एक आकडा आणि एक अक्षर असते, उदाहरणार्थ ११२एस. त्यातला ११२ हा लोड इंडेक्स, म्हणजे एका टायरला ११२० किलो. १०८ म्हणजे १००० किलो, ११० म्हणजे १०६० किलो, ११६ म्हणजे १२५० किलो आणि १२१ म्हणजे १४५० किलो. अक्षर वेगाचे: क्यू १६० किलोमीटर, आर १७०, एस १८०. कॅम्परच्या गाडीला यातले कोणतेही पुरते, वेगाच्या अक्षरासाठी जादा पैसे देऊ नका. एलटी (लाइट ट्रक, म्हणजे हलक्या मालवाहू गाड्यांच्या) टायरवर १२१/११८ असे दोन आकडे दिसतात. दुसरा आकडा मागे जोडचाके असलेल्या गाड्यांसाठी आहे, तुमच्यासाठी पहिला.

एकाच नावाचा, एकाच नक्षीचा ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा) टायर दोन बांधणींत मिळू शकतो. योकोहामाचा जिओलँडर जी०१५ काही मापांत पॅसेंजर (मोटारींच्या) बांधणीचा आहे, काही मापांत एलटी. बाहेरून फरक कळत नाही. मापाच्या सुरुवातीला ‘एलटी’ छापले आहे का तेच पाहावे लागते. पॅसेंजर बांधणीचा टायर मऊ चालतो आणि साधारण ३५ पीएसआयलाच त्याची पूर्ण क्षमता मिळते. एलटीची साईडवॉल (टायरची बाजूची भिंत) जाड असते आणि तो जास्त हवा झेलतो: लोड रेंज (मजबुतीची श्रेणी) सी असेल तर ५० पीएसआयपर्यंत, डी असेल तर ६५, ई असेल तर ८०.

पॅसेंजर टायर पिकअपवर लावला तर त्याची क्षमता १.१० ने भागून धरायची, असा अमेरिकेतला नियम आहे. आम्हीही तोच हिशेब लावतो, कारण हौद्यातला भार मोटारीतल्या माणसांसारखा सगळीकडे सारखा बसत नाही.

समजा, काट्यावर मागचे अ‍ॅक्सल १७०० किलो भरले, त्यात डावे चाक ९२० आणि उजवे ७८०. पॅसेंजर बांधणीच्या ११२ इंडेक्सच्या टायरची क्षमता ११२० भागिले १.१०, म्हणजे १०१८ किलो. डाव्या चाकाला जेमतेम दहा टक्के उरतात, आणि वळणात भार बाहेरच्या चाकावर सरकला की तेही संपतात. एलटी २६५/७० आर १७ हा टायर ५० पीएसआयला ११२० किलो उचलतो, इथे जवळपास १८ टक्के शिल्लक. तोच टायर लोड रेंज ई मध्ये घेतला तर ८० पीएसआयला १४५० किलोंपर्यंत जातो, पण या गाडीला त्याची गरज नाही. सर्वांत जड चाकावर १५ ते २० टक्के राखून टायर निवडावा, ही आमची शिफारस.

गाडी बहुतांश शहरात असेल, हौद्यात फक्त गादी आणि दोन पेट्या असतील, तर एलटी घेऊ नका. तो प्रत्येकी चार ते सहा किलो जड असतो, डिझेल जास्त खातो आणि रिकाम्या गाडीत खड्ड्यांवर उडतो. ती मजबुती ओझे असलेल्यालाच कामाची.

हवा: सर्वांत जास्त नुकसान इथेच होते

एलटी टायर घातला आणि दारावरच्या स्टिकरची ३० ते ३५ पीएसआय हवा चारही चाकांत भरली, ही नेहमीची चूक. तो स्टिकर कंपनीने दिलेल्या मूळ टायरचा आहे. एलटी टायर तेवढ्याच हवेवर पॅसेंजर टायरपेक्षा कमी वजन उचलतो. हवा कमी पडली की साईडवॉल प्रत्येक फेऱ्यात दबते आणि उलगडते, आतले रबर तापते आणि तारांच्या पट्ट्यापासून सुटायला लागते. मे महिन्यात एक्स्प्रेस वेवर ताशी ९०-१००च्या वेगाने तास-दीड तास चालल्यावर नक्षीचा अख्खा पट्टा सोलून निघू शकतो. त्याआधी दोन खुणा दिसतात: नक्षी मधल्या भागापेक्षा दोन्ही कडांना जास्त झिजते, आणि चहाला थांबल्यावर साईडवॉलवर तळहाताची मागची बाजू धरली की एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागते.

उलट साईडवॉलवर छापलेली कमाल हवा, उदाहरणार्थ ८०, तशीच भरणेही चूक. गाडी कडक होते, ओल्या रस्त्यावरची पकड घटते आणि नक्षी मधोमध झिजते. वरच्या उदाहरणातल्या गाडीला पुढे ३५ ते ३८ आणि मागे ५० पीएसआयपासून सुरुवात करावी. कॅम्पर उतरवून ठेवलात तर मागची हवाही उतरवा.

हवा गार टायरमध्ये मोजा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. चालून आलेल्या टायरमध्ये पाच-सहा पीएसआय जास्त दिसणे स्वाभाविक आहे, ती काढू नका. तापमान १० अंशांनी उतरले की दोन ते अडीच पीएसआय कमी होतात, त्यामुळे नवी मुंबईत भरलेली हवा मनालीच्या पहाटे कमीच दिसेल. लेहकडे चढताना बाहेरचा दाब कमी झाल्याने गेज जास्त दाखवते. मुक्कामी सकाळी मोजून तिथेच जुळवून घ्या.

खडकाळ कच्च्या रस्त्यावर हवा २० ते २५ टक्के उतरवली तर टायर दगडाला धरून चालतो. मात्र तेवढ्या हवेवर वेग ताशी ४०च्या आत ठेवा, आणि डांबर लागताच पुन्हा भरा. ५० पीएसआय भरायला लहान पंप फार वेळ घेतात आणि मधेच तापून बंद पडतात. थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा कॉम्प्रेसर घ्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर मोठा पंप लावला तर फ्यूज जातो.

माप आणि नक्षी

मूळ २६५/६५ आर १७ ऐवजी २६५/७० आर १७ घातला तर व्यास ७७६ मिलिमीटरवरून ८०३ होतो. गाडी सुमारे १३ मिलिमीटर उंच होते आणि स्पीडोमीटर १०० दाखवत असताना वेग १०३ पेक्षा थोडा जास्त असतो. यापेक्षा मोठे माप आम्ही कॅम्परच्या गाडीला सुचवत नाही. ओझ्याने मागची बाजू आधीच बसलेली असते, त्यात मोठा टायर खड्ड्यात मडगार्डच्या आत घासतो. पुढे स्टिअरिंग पूर्ण वळवून, दोन्ही बाजूंना, तपासून घेतल्याशिवाय बिल करू नका. स्टेपनीही त्याच मापाची हवी आणि ती हौद्याखालच्या जागेत मावली पाहिजे.

नक्षीबाबत थोडक्यात: मोठ्या गोट्या आणि रुंद खाचांचे मड-टेरेन टायर या कामाला नकोत. ते गोंगाट करतात, ओल्या काँक्रीटवर ब्रेक लांब लागतो, आणि वर उंच केबिन असल्याने वळणात गाडी तरंगल्यासारखी वाटते. ऑल-टेरेनमध्ये मधली नक्षी दाट आणि तिच्यावर बारीक चिरा असलेला टायर घ्या. ठाणे-बेलापूर रोडवरच्या पावसात आणि माळशेजच्या ओल्या वळणांत याच चिरा पाणी कापतात. कोकणातल्या जांभ्याच्या चिकट लाल मातीत कोणताही ऑल-टेरेन भरून गुळगुळीत होतो. तिथे नक्षीपेक्षा फोर-व्हील ड्राइव्ह आणि संयम जास्त कामाला येतात. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत एवढी जड गाडी उतरवूच नका. तुम्ही डांबर सोडून फारसे जात नसाल, तर एलटी बांधणीचा हायवे टायर हाच उत्तम पर्याय आहे, आणि तो आम्ही आनंदाने देऊ.

बसवताना आणि नंतर

साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचा असतो. त्यापेक्षा जास्त हवा लागणार असेल तर जास्त दाबाचा किंवा धातूचा नटवाला वॉल्व्ह बसवून घ्या. बाहेरून घेतलेल्या अलॉय रिमच्या मागे भारक्षमता कोरलेली असते, ती सर्वांत जड चाकाच्या वजनापेक्षा जास्त आहे का ते पाहा. टायरवर आयएसआय खूण आणि शेवटचे चार आकडे तपासा: २२२५ म्हणजे २०२५ सालचा २२वा आठवडा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा आवळायला या. दर ८००० किलोमीटरला स्टेपनीसह पाचही टायर फिरवा, मागचे लवकर झिजतात. खाचांत अडकलेली काळी खडी स्क्रू ड्रायव्हरने काढत जा. ती हळूहळू रबर भेदत आत जाते. पंक्चर ६ मिलिमीटरपर्यंतचे आणि नक्षीच्या भागातले असेल तरच दुरुस्त होते. रस्त्यात पंक्चर बुजवायला बाहेरून रबरी दोरी घातली असेल तर परतल्यावर आतून मशरूम पॅच (देठासह ठिगळ) लावून घ्या. साईडवॉलवर फुगा किंवा छेद आला तर टायर बाद.

कायद्याने नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. एवढ्या ओझ्याला पावसाळ्याआधी ४ मिलिमीटरखाली गेलेला टायर आम्ही बदलायला सांगतो. बऱ्याच कॅम्परचे टायर झिजण्याआधी वयाने संपतात: सोसायटीच्या उन्हात महिनोन्महिने उभे राहून साईडवॉलला बारीक भेगा पडतात. गाडी उभी राहणार असेल तर टायरच्या कमाल हवेच्या आत राहून पाच पीएसआयपर्यंत जास्त भरा, पाण्याची टाकी रिकामी करा आणि महिन्यातून एकदा गाडी थोडी फिरवा. सहा वर्षांनंतर दरवर्षी टायर उतरवून आतून तपासून घ्या. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नका.

येताना आरसीची प्रत, काट्याच्या पावत्या आणि गाडीवरच्या प्लेटचा फोटो सोबत आणा.