दुखणं तेव्हाचं तेव्हा नोंदवलेलं बरं

गुडघा किंवा खुबा बदलल्यावर खरी कसोटी घरी आल्यावर लागते. दुखतं म्हणून पाय हलवायचा नाही, आणि हलवला नाही म्हणून सांधा आखडत जायचा. या दिवसांत वेदनाशामक गोळीची वेळ व्यायामाशी जुळवावी लागते. पण पंधरा दिवसांनी डॉक्टर विचारतात, ‘दुखणं कसं आहे?’ आणि पेशंट अंदाजाने काहीतरी सांगतो.

हा अंदाज फसवा असतो. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनिअल काहनेमन या संशोधकांनी १९९६ साली कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या तपासणीच्या) रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की लक्षात राहते ती सर्वांत तीव्र कळ आणि शेवटची काही मिनिटं. त्रास एकूण किती वेळ झाला हे आठवणीत फारसं उरत नाही.

मग वहीत लिहिलं तर? २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचं उत्तर आलं, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना दिलेल्या वह्यांना प्रकाश टिपणारे सेन्सर बसवले होते, त्यामुळे वही कधी उघडली ते कळत होतं. रुग्णांच्या लेखी ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या. प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या होत्या फक्त ११ टक्के. ठरल्या वेळी आठवण करून देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र हाती असलेल्यांनी मात्र ९४ टक्के नोंदी वेळेवर केल्या.

मोबाइल अ‍ॅपचं बळ इथे आहे. बसल्यावर किती दुखतं, चालताना किती, ० ते १० मधला आकडा टाकायचा. गोळी आणि व्यायामाची वेळही लिहायची. चार-पाच दिवसांतच दिसू लागतं, की व्यायाम गोळीचा असर उतरल्यावर होतोय. मग डॉक्टरांना विचारून वेळा बदलता येतात. नेदरलँड्समधल्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघा बदललेल्या रुग्णांना अशा नोंदींवरून सल्ला देणारं अ‍ॅप दिलं होतं. त्यांनी ओपिऑइड, म्हणजे अफूच्या वर्गातल्या तीव्र वेदनाशामक गोळ्या कमी घेतल्या. या गोळ्यांनी मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, सवयही लागू शकते, म्हणून हा फायदा मोठा आहे.

अ‍ॅप निवडताना एक गोष्ट आधी विचारा: हे आकडे कोण पाहतं, आणि किती वेळाने? कोणीच पाहत नसेल, तर मध्यरात्री टाकलेला ९ हा आकडा फोनमध्येच राहतो. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला किंवा जखमेतून स्राव येऊ लागला, तर नोंद करत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर थेट तातडीच्या विभागात जा.