राजाचा क्रॉसबो आणि मुंबईची दमट हवा

मुंबईत जुलै महिन्यात हजार तुकड्यांचं जिगसॉ पझल मांडायचं म्हणजे हौसेची परीक्षाच. त्यात चित्र संग्रहालयातल्या शस्त्राचं असेल तर बघायलाच नको. आमच्या माहीमच्या घरी सध्या जेवणाच्या टेबलावर हंगेरीचा राजा मॅथियस कॉर्विनस याचा क्रॉसबो पसरलाय, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय.

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी ओढून खटक्यात अडकवली की ताण धरून ठेवायचं काम खटक्याचं. सावज टप्प्यात येईपर्यंत शिकाऱ्याला निवांत नेम धरता येतो. मूळ शस्त्र १४८९ सालचं, आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. राजाला ते फार काळ लाभलं नाही, पुढच्याच वर्षी तो वारला.

दांड्यावरची नक्षी आणि राजचिन्हं पटापट लागतात. जीव खाते ती मागची करडी पार्श्वभूमी. ४० × २५ च्या मांडणीत काठाचे तुकडे १२६, आतले ८७४, आणि त्यातले कितीतरी नुसते करडे. तिथे रंग काहीच सांगत नाही. खुंटी खाचेत नीट बसते की नाही, एवढाच पुरावा. पावसाळ्यात नेमका हाच साक्षीदार फितूर होतो.

पुठ्ठा म्हणजे सेल्युलोजचे तंतू. हवेतलं पाणी शोषून हे तंतू जाडीने फुगतात, लांबीने मात्र फारसे वाढत नाहीत. कारखान्यात कागद बनताना बरेचसे तंतू यंत्राच्या वाहत्या दिशेला लागतात. त्यामुळे पुठ्ठा एका दिशेने जास्त फुगतो, दुसऱ्या दिशेने कमी. ७० सेंटिमीटरचं चित्र अर्धा टक्का जरी फुगलं तरी साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो. एकेका तुकड्याच्या वाट्याला त्यातलं अगदी थोडं येतं, पण खुंटी अडायला तेवढं पुरतं. शिवाय वरची बाजू शाई आणि चकचकीत थरामुळे झाकलेली, पाठ उघडी. पाठ जास्त ओल पिते, वाढते, आणि तुकडा शेकणाऱ्या पापडासारखा कडा उचलून बसतो.

गंमत पुढे आहे. चित्रातल्या शस्त्राचीही हीच अडचण होती. या क्रॉसबोचं धनुष्य एकसंध लाकडाचं नाही. त्यात लाकूड, शिंग आणि जनावरांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडांना जोडणारे चिवट पट्टे, एकत्र चिकटवले आहेत. धनुष्य वाकलं की त्याची आतली बाजू दाबली जाते, बाहेरची ताणली जाते. शिंगातलं केराटिन दाब उत्तम सोसतं, कंडरेतलं कोलॅजेन ताण सोसतं. ज्याला जे जमतं ते त्याच्याकडे. हे सगळं धरून ठेवायला मात्र सरस, म्हणजे कातडी किंवा माशांपासून काढलेलं कोलॅजेनच, आणि त्याला ओल लागली की ते मऊ पडतं. म्हणून अशा धनुष्यांवर बर्चच्या सालीचं वेष्टण देत. आपली भूर्जपत्रं ज्या झाडाची, त्याच कुळातलं हे झाड. त्याच्या सालीत मेणचट द्रव्यं असतात, पाणी सहजासहजी आत शिरत नाही.

मग पोलादाचं धनुष्य का नाही? तेही होतं. पण त्या काळच्या पोलादात फॉस्फरस आणि धातुमळीचे कण राहून जात. असं पोलाद कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होतं, आणि युरोपात शिकारीला जायचं ते बर्फातही. ताणलेलं धनुष्य तोंडासमोर तुटण्यापेक्षा शिंगाचं बरं. हिंदुस्थानात याच्या उलट घडलं. इथे शिंगाची धनुष्यं होतीच, पण त्यांच्या जोडीने अख्खी पोलादी धनुष्यंही बनत होती. दमट हवेत चिकटवलेलं धनुष्य सांभाळणं जिकिरीचं, पोलादी मात्र तेल लावून शस्त्रागारात वर्षानुवर्षं ठेवता येतं, असा त्यामागचा तर्क सांगतात. मला तो पटतो. गंजाला तेलाने थोपवता येतं. सुटलेल्या सरसाला तेलाचा काय उपयोग?

लाकूड, शिंग, हस्तिदंत अशा वस्तूंसाठी संग्रहालयं साधारण ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता राखतात. मुंबईत जुलैमध्ये ती ८० च्या वर असणं नेहमीचंच. घरच्या पझलसाठी एसीची खोली चालते, कारण एसीच्या थंड नळ्यांवर हवेतलं पाणी जमून बाहेर ठिबकतं. नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तुकडे दोन-तीन दिवस ठेवावेत. तव्यावर किंवा इस्त्रीने शेकू नयेत, थर सुटतात. एक मात्र लक्षात ठेवायचं. सुकताना पुठ्ठा पाणी सहजी सोडत नाही: हवेची आर्द्रता तीच असली तरी ओला होऊन सुकलेल्या पुठ्ठ्यात कोरड्यातून दमट झालेल्या पुठ्ठ्यापेक्षा थोडं जास्त पाणी राहतं. त्यामुळे जुलैत अडलेली खुंटी ऑक्टोबरच्या उन्हातही थोडी कुरकुरतच बसते.