भाच्याची गाडी आणि चोर्ल्याची वळणं

भाच्याने गेल्या वर्षी दोन सीटांची एक जुनी स्पोर्ट्स कार घेतली. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. पहिल्याच आठवड्यात त्याने तिच्या अलाइनमेंटला, म्हणजे चाकांच्या कोनांना, रेसचे आकडे लावून घेतले: पुढच्या चाकांना तीन डिग्री निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे माथे आत कललेले, आणि शिवाय थोडा टो-आउट. "मामा, आता वळणावर बघ कशी चिकटते!" चिकटली खरी. पण गोव्यात डिचोलीकडे अवजड ट्रकांनी रस्त्यात पाडलेल्या चाकोऱ्यांत ती आपणहून शिरायची, आणि हा गडी स्टीअरिंग दोन्ही हातांनी आवळून बसलेला.

दोष गाडीचा नव्हता, टोचा होता. सरळ उभं राहिल्यावर आपल्या पायांची बोटं आत वळलेली असतात किंवा बाहेर फाकलेली, तसंच चाकांचं. पुढचे काठ एकमेकांकडे झुकले तर टो-इन, फाकले तर टो-आउट. फाकलेल्या चाकांपैकी प्रत्येकाला आपापल्या दिशेने जायचं असतं. ज्याच्यावर क्षणभर भार जास्त, त्याचं चालतं. वळणात शिरताना हाच उतावळेपणा उपयोगी पडतो, कारण आतलं चाक आधीच वळलेलं असतं. सरळ रस्त्यावर मात्र डोकेदुखी.

आणि टायर खातो तो वेगळाच. एका चाकाचा टो फक्त 0.1 डिग्री, म्हणजे अलाइनमेंटच्या प्रिंटवर दिसणारी 6 मिनिटं (डिग्रीचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट), चुकला तर ते चाक दर किलोमीटरमागे पावणेदोन मीटर आडवं घासतं. पणजीहून मडगाव पस्तीसेक किलोमीटर धरलं, तर एका फेरीत साठेक मीटर टायर नुसता रस्त्यावर खरवडला जातो. लोक आतून झिजलेला टायर दाखवून कॅम्बरला शिव्या देतात, पण बऱ्याचदा खरा चोर टो असतो.

मग शून्य टो लावून मोकळं का होऊ नये? कारण सस्पेन्शनच्या सांध्यांत रबराचे बुश, म्हणजे पुंगळ्या, असतात आणि ते दबतात. मागून ढकलल्या जाणाऱ्या गाडीत रस्त्याच्या रेट्याने पुढची चाकं किंचित फाकतात, म्हणून उभ्या गाडीत थोडा टो-इन ठेवतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत जोर दिला की चाकं उलट आत ओढली जातात.

आता कॅम्बर. समोरून पाहिलं तर चाकाचा माथा आत कललेला असेल तर तो निगेटिव्ह. वळणावर गाडीचं अंग बाहेर कलतं, तिच्याबरोबर बाहेरचं चाकही कलतं आणि टायर बाहेरच्या काठावर उभा राहतो. आधीच आत कललेलं चाक त्या वेळी सपाट बसतं. म्हणजे कॅम्बर ही वळणासाठी आगाऊ भरलेली रक्कम आहे. वळण आलंच नाही तर ती आतल्या काठातून वसूल होते, आणि सरळ रेषेत ब्रेक दाबताना टायर पुरता टेकत नाही ते निराळंच. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ओल्या रस्त्यावरचा ब्रेक मला जास्त प्यारा.

पण खरी गंमत कास्टरची, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हँडल सैल सोडलं तरी चाक सरळ राहू पाहतं. तसाच मागे झुकाव गाडीच्या स्टीअरिंगच्या अक्षाला असतो. या झुकावामुळे स्टीअरिंग जितकं जास्त फिरवाल, तितकं बाहेरचं चाक आपोआप आत कलतं. केरी सोडून चोर्ला घाट चढताना आवळ वळणांवर स्टीअरिंग भरपूर फिरतं, तिथे कास्टरच कॅम्बरचं काम करतो. हायवेच्या वेगवान, लांब वळणावर ते जेमतेम हलतं, तिथे मात्र बसवलेला कॅम्बरच कामी येतो. ज्याची मौज घाटात आहे त्याने तीन डिग्री कशाला लावायच्या?

मागच्या चाकांशी खेळ करू नये, हे माझं ठाम मत. घाट उतरताना वळणात दचकून ॲक्सिलरेटर सोडला की भार पुढे धावतो, मागचं अंग हलकं होतं आणि शेपूट बाहेर पडू बघतं. मागे थोडा टो-इन असला तर भाराखालचं बाहेरचं चाक वळणाच्या आत तोंड करून असतं आणि शेपूट धरून ठेवतं. शिवाय अलाइनमेंटची सुरुवातही मागूनच करायची. गाडी कुठल्या रेषेत धावणार ते मागची चाकं ठरवतात.

आम्ही दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. टायरांची हवा तपासली, बुश पाहिले, अर्धी टाकी पेट्रोल ठेवलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर भाच्याच्या वजनाइतक्या उकड्या तांदळाच्या पिशव्या रचल्या. मिस्त्री हसला. "पात्रांव, तांदूळ गाडी चालवणार?" पण हलक्या, बुटक्या गाडीत माणूस बसला की आकडे हलतात, हे त्याने अलाइनमेंट मशीनच्या स्क्रीनवर स्वतःच पाहिलं. स्क्रीन हिरवी झाली तेव्हा मी त्याला थांबवलं. हिरवा पट्टा, म्हणजे चालणाऱ्या आकड्यांची मर्यादा, रुंद असतो. एक चाक या टोकाला, दुसरं त्या टोकाला, तरी दोन्ही हिरवीच, आणि गाडी एका बाजूला ओढणार.

शेवटी पुढे कॅम्बर उणे 1 डिग्री 15 मिनिटं, मागे उणे दीड, पुढे नावापुरता टो-इन, मागे प्रत्येक चाकाला 6 मिनिटं. दोन्ही बाजू सारख्या. कास्टर गाडीने परवानगी दिली तेवढा वाढवला.

पावसाळा सरल्यावर भाच्याला टायरवरून आडवा हात फिरवून बघायला सांगितलं होतं. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं, तर टो हलला समजायचं. परवा फोन आला: पुढचं डावं चाक करवत झालंय. साखळी गावाजवळचा तो खड्डा मलाही माहीत आहे.