स्वस्तातली भाजी महागात का पडते

वजन उतरवायचं ठरलं की पहिल्या आठवड्यात फ्रिज हिरवागार होतो. दुसऱ्या आठवड्यात त्यातलं अर्धंमुर्धं कचऱ्यात जातं आणि ‘डाएट परवडत नाही’ एवढा निष्कर्ष घरात उरतो. तो अगदीच खोटा नाही. एका कॅलरीमागे किती पैसे मोजले हे पाहिलं, तर तेल, साखर आणि पिठापुढे भाज्या महागच ठरतात. १०० ग्रॅम तेलात जवळजवळ ९०० कॅलरी असतात, तेवढ्याच कोबीत जेमतेम २५. पण डाएट करणारा माणूस कॅलरी विकत घ्यायला निघालेलाच नसतो. त्याला कमी कॅलरीत पोट भरायचं असतं. मग हिशोबही पोट भरण्याचाच हवा. आणलेल्यातलं तोंडात किती गेलं आणि त्यानं भूक किती वेळ थोपवली, हे दोनच प्रश्न त्यात महत्त्वाचे.

पहिल्या प्रश्नातला सोपा भाग सालीचा. पैसे आपण सालीसकट वजनाचे देतो. केळ्याचं साधारण एक तृतीयांश वजन सालीत जातं, अननसाचं निम्म्याच्या आसपास, आणि शेंगेसकट घेतलेल्या मटाराचं तर निम्म्याहून जास्त. म्हणजे सोललेल्या दाण्यांच्या निम्म्या भावात शेंगा मिळाल्या तरी त्या महागच पडल्या, शिवाय सोलण्याची मेहनत आपली. उलट गाजर, टोमॅटो, काकडी, सफरचंद जवळपास सगळंच पोटात जातं. ब्रोकोलीचा दांडा बहुतेकांकडून कारण नसताना टाकला जातो. त्याचं बाहेरचं चिवट सालपट काढलं की आतला गर तुऱ्यांइतकाच खाण्याजोगा असतो.

खरी गळती मात्र सालीत नाही, नासण्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात घरं, उपाहारगृहं आणि दुकानं मिळून सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं जवळजवळ ६० टक्के घरांमधलं होतं. फळं-भाज्या या नासाडीत पुढे असतात, कारण त्या आपल्या हाती येतात तेव्हा जिवंत असतात. झाडापासून तोडल्यावरही पेशी श्वसन करत राहतात. हवेतला ऑक्सिजन घेऊन साठवलेली साखर जाळतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतात. झाडाकडून नवी रसद येणं बंद झालेलं असतं, त्यामुळे जमाखात्यात फक्त खर्चच होत राहतो.

हा खर्च प्रत्येकीचा वेगळा. फळं-भाज्यांच्या साठवणुकीचे अभ्यासक ५ अंश सेल्सिअसला दर किलोमागे तासाला किती मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यावरून त्यांचे गट पाडतात. सफरचंद, लिंबूवर्गातली फळं, कांदा, लसूण आणि पूर्ण वाढलेला बटाटा ५ ते १० च्या गटात येतात. कोबी, गाजर, टोमॅटो १० ते २० मध्ये. फ्लॉवर आणि स्ट्रॉबेरी २० ते ४० मध्ये. आणि पालक, मटार, अळिंबी, मक्याची कोवळी कणसं ६० च्याही वर. म्हणजे पालक सफरचंदाच्या निदान सहापट वेगानं स्वतःला जाळत असतो. आठवड्याची खरेदी एकदम करणाऱ्यानं ही उतरंड भाव विचारण्याआधी आठवावी: पालक आणि अळिंबी पहिल्या दोन दिवसांत, फ्लॉवर मधल्या दिवसांत, कोबी-गाजर शेवटी. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. सोपं म्हणून गाजर आधी संपतं, आणि निवडायचा कंटाळा येतो म्हणून पालकाची जुडी मागे राहून काळी पडते.

तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. बाजारातून आणलेली पिशवी दुपारभर ओट्यावर पडली, तर तिचं फ्रिजमधलं आयुष्य तेवढ्यातच बरंच खर्ची पडतं. चिरलेली भाजी आणखी घाईत असते, कारण कापलेल्या पेशी जखमी असतात. त्यांचं श्वसन वाढतं, रस बाहेर येतो आणि जंतूंना आयतं जेवण मिळतं. तयार चिरलेल्या सॅलडचे जादा पैसे देताना आपण सोयीबरोबर कमी दिवसही विकत घेतो.

मान टाकलेली प्रत्येक पानभाजी मात्र सडलेली नसते. पानाच्या प्रत्येक पेशीत पाण्यानं भरलेली एक मोठी पोकळी असते आणि ते पाणी पेशीच्या भिंतीला आतून रेटत असतं. पानाचा ताठपणा म्हणजे हा रेटा. पाणी उडून गेलं की भिंती सैल पडतात आणि पान लोंबतं. अशी पानं देठाचं टोक किंचित कापून थंडगार पाण्यात बुडवून ठेवावीत. पेशीतल्या क्षार-साखरेमुळे पाणी आत ओढलं जातं आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात पान पुन्हा कुरकुरीत होतं. बुळबुळीत झालेलं, वास मारणारं पान मात्र परत येत नाही. तिथे पेशींच्या भिंतीच फुटलेल्या असतात. पिशवीच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब हे भाजीनंच सोडलेलं पाणी. त्याच थेंबांत पान भिजत राहिलं की कुजणं सुरू होतं. म्हणून पानभाजी कोरड्या फडक्यात किंवा कागदात सैल गुंडाळून मग पिशवीत ठेवायची. हवेत ओल राहते, पानावर पाणी राहत नाही.

शेजारही पाहावा लागतो. पिकणारं सफरचंद इथिलीन नावाचा वायू सोडतं. हा वायू वनस्पतींवर परिणाम करतो हे दिमित्री नेल्युबोव्ह या रशियन संशोधकानं १९०१ साली दाखवलं, आणि पिकणारी फळं तो स्वतःच तयार करतात हे १९३४ मध्ये सिद्ध झालं. सफरचंदाच्या सोबतीत ब्रोकोली आणि काकडी लवकर पिवळी पडतात, गाजर कडवट होतं. हाच वायू उपयोगीही पडतो. केळी, टोमॅटो, नासपती तोडल्यावरही पिकतात, त्यामुळे ती थोडी कच्ची घेतली तर दिवस पदरात पडतात. द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी, अननस यांना ही मुभा नाही. ती आंबट निघाली तर घरी ठेवून गोड होणार नाहीत, फक्त जुनी होतील.

फ्रोझन भाजीविषयी उगाच नाक मुरडलं जातं. गोठवण्याआधी तिला काही क्षण उकळत्या पाण्याचा किंवा वाफेचा चटका देतात. त्यात ‘क’ जीवनसत्त्वाचा काही भाग जातो, पण ऱ्हास घडवणारी विकरंही (एन्झाइम) निकामी होतात. उणे १८ अंशांवर मग काळ जवळजवळ थांबतो. ‘ताज्या’ भाजीचं घड्याळ मात्र चालूच असतं. ४ अंशांवर सात दिवस ठेवलेल्या मटारातलं ‘क’ जीवनसत्त्व सुमारे १५ टक्के घटल्याचं आढळलं आहे, फरसबीतलं तब्बल ७७ टक्के. आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्या ताज्या फरसबीपेक्षा गोठवलेली सरस ठरू शकते. हवी तेवढी काढून बाकीची परत ठेवता येते, हा तिचा आणखी मोठा फायदा. एकट्यानं डाएट करणाऱ्यासाठी तर मला तीच सर्वांत शहाणी खरेदी वाटते.

‘सुपरफूड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फळांबाबत माझं मत तेवढं उदार नाही. १०० ग्रॅम ब्लूबेरीत ‘क’ जीवनसत्त्व साधारण १० मिलिग्रॅम असतं, कच्च्या कोबीत ३६ च्या आसपास. ब्लूबेरीतली गडद रंगद्रव्यं कोबीत नाहीत हे खरं, पण वजन उतरण्यासाठी ती अनिवार्य नाहीत.

आता भुकेचा प्रश्न. १९७७ साली काही संशोधकांनी सारखीच साखर देणारं सफरचंद तीन रूपांत खायला दिलं: अख्खं, लगदा करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगानं पोटात गेला आणि पोट भरल्याची भावना सर्वांत कमी रसानंच दिली. चावण्याला वेळ लागतो, तंतू पोटात जागा धरतात. रसात दोन्ही नाही. म्हणजे तीन-चार फळं पिळून केलेला पेला पैशांनीही महाग आणि भुकेलाही कमी पुरणारा.

शेवटी बटाटा, ज्याला डाएटवाले सर्वांत आधी घराबाहेर काढतात. १९९५ मध्ये सुझाना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थांची तुलना केली. प्रत्येकाचा सुमारे २४० कॅलरींचा वाढा देऊन पुढचे दोन तास भूक मोजली. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले तर संत्र्याला २०२, सफरचंदाला १९७, केळ्याला ११८ मिळाले. उकडलेल्या बटाट्याला ३२३, म्हणजे सर्वाधिक. प्रयोग लहान होता, पण कारण समजण्याजोगं आहे: १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे ८७ कॅलरी आणि बाकी बहुतेक पाणीच. तळला की पाणी उडून तेल आत जातं आणि कॅलरी तिपटीच्या पुढे जातात. जागतिक आरोग्य संघटना रोज निदान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, त्यात बटाटा मोजत नाही. त्यामुळे तो भाजीच्या जागी नको, ब्रेडच्या जागी चालेल. साठवायला त्याला फ्रिज लागतच नाही, उलट तिथल्या गारठ्यात त्यातल्या स्टार्चची साखर होऊ लागते. अंधारी, कोरडी, हवेशीर जागा दिली की तो आठवडेच्या आठवडे टिकतो. हिरवा पडलेला भाग आणि कोंब मात्र खोलवर कापून टाकावेत, आणि बटाटा बराचसा हिरवा किंवा चवीला कडू असेल तर पैशांचा विचार न करता अख्खाच फेकावा.